गावातल्या मायनिंग रिगचा एसएमपीएस: आधी लाइन मोजा, मग दुकान गाठा

हरभऱ्याला ओलित सुरू झालं की शिवारातले मोटरपंप एकदम चालू होतात आणि घरातला छताचा पंखा रेंगाळायला लागतो. रिग म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर क्रिप्टो कॉइन मिळवणारा संगणक, आणि त्याला वीज पुरवणारा डबा म्हणजे एसएमपीएस, म्हणजेच सप्लाय. तो निवडताना सुरुवात त्या रेंगाळणाऱ्या पंख्यापासून करायची. खोक्यावरचा कार्यक्षमतेचा सोनेरी बिल्ला नंतर बघू. तो बिल्ला प्रयोगशाळेतल्या स्थिर व्होल्टेजवर आणि खोलीच्या साध्या तापमानात मिळालेला असतो. आपल्याकडे लाइन कधी १७०, कधी २५५, आणि मे महिन्यात खोलीत ४२ अंश. तिथे टिकणारा सप्लाय हवा. काटकसर त्याच्या पुढची गोष्ट.

एक गोष्ट सुरुवातीलाच. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमचं मायनिंग बंद झालं. तेव्हापासून घरगुती ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग हा बहुतांशी छंदच आहे. भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो, आणि मायनिंगसाठी जाळलेली वीज त्या नफ्यातून वजा करता येत नाही. म्हणजे वाचलेलं प्रत्येक युनिट पूर्णच्या पूर्ण तुमच्या खिशात राहतं. एसएमपीएसवर एवढा विचार करायचं कारण तेच.

लाइनची चार दिवसांची नोंद

साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, एसी ७५० किंवा ६०० व्होल्टच्या रेंजवर लावा, आणि रिग जिथे बसणार त्याच सॉकेटवर मोजा. पहाटे पाच, दुपारी दोन, संध्याकाळी साडेसात, रात्री बारा. असं चार दिवस. शेतीच्या लाइनचं पाळीपत्रक बदलतं तेव्हा पुन्हा दोन दिवस. गावठाणाचा फीडर वेगळा झालेला असेल तर फरक कमी दिसेल. शेतातल्या वस्तीवर, पंपांच्याच डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) घर असेल तर जास्त.

मग तीच मोजणी लोड टाकून करा. १००० वॅटची इस्त्री त्याच सॉकेटवर लावा. समजा बिनलोडचे २१४ व्होल्ट होते आणि इस्त्री लावल्यावर २०० राहिले. त्याच वेळी वायरमनकडून मेन स्विचवर मोजून घ्या. तिथे २०८ आले तर ६ व्होल्ट डीपी आणि सर्व्हिस वायरमध्ये पडले, ८ व्होल्ट तुमच्या घरातल्या वायरीत. इस्त्री तेव्हा ३.८ अँपिअर घेत होती, म्हणजे घरातल्या वायरीचा रोध सुमारे २.१ ओहम. रिगने ३ अँपिअर घेतले तर जवळपास १९ वॅट भिंतीच्या आत गरम होऊन जातात, आणि ते मीटरच्या अलीकडचे असल्याने त्यांचं बिल तुम्हीच भरता. महागडा सप्लाय जेवढं वाचवणार, त्यातलं बरंचसं तिथेच गेलं. अशा घरात पहिला खर्च मीटरपासून रिगपर्यंत २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची स्वतंत्र वायर, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट आणि १६ अँपिअरची सी प्रकारची एमसीबी. बी प्रकारची एमसीबी सप्लाय सुरू होतानाच्या झटक्याने विनाकारण पडते.

नोंदीतला सर्वांत खालचा आकडा १८०च्या वर राहत असेल तर स्टॅबिलायझरची गरज नाही. अॅक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून करंट सुरळीत ओढणारं आतलं सर्किट) असलेला चांगला एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टसाठीच बनवलेला असतो. व्होल्टेज पडलं की तो करंट वाढवतो: भिंतीतून ६०० वॅट घेणारी रिग २३० व्होल्टला २.६ अँपिअर घेते, १७० ला ३.५. जास्त करंट म्हणजे आत जास्त उष्णता आणि कार्यक्षमतेत थोडी घट, पण काम चालतं. लेबलवर फक्त '२००–२४० व्होल्ट' लिहिलेला सप्लाय मात्र घेऊ नका, आणि पाठीमागे लाल ११५/२३० चा खटका असलेला तर हातातही धरू नका. अॅक्टिव्ह पीएफसी नसल्याची ती खूण आहे.

लाइन रोज १५० पर्यंत उतरत असेल, तर त्या तासांत रिग बंद ठेवणं हाच शहाणपणा. रिलेवाला स्टॅबिलायझर दिवसभर टकटक करत बसतो आणि स्वतःही वीज खातो.

खरा शत्रू वर आहे, खाली नाही. डीपीवर न्यूट्रल सैल झाला की कमी लोड असलेल्या फेजवरच्या घरात व्होल्टेज ३०० च्या पुढे जातं. टोकाला ४०० पर्यंतही. त्याने सप्लाय मरतो, आणि कारण साध्या हिशेबातलं आहे. २६४ व्होल्ट एसीच्या लाटेचं शिखर ३७३ व्होल्ट येतं, ते सप्लायला झेपतं. ३०० व्होल्टचं शिखर ४२४, आणि आत बसलेला मोठा कपॅसिटर बहुधा ४०० ते ४५० व्होल्टचा. तो फुगतो, फुटतो, कधी पुढच्या स्विचिंग ट्रान्झिस्टरलाही घेऊन जातो. यावर उपाय म्हणजे बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. खालची मर्यादा १७०, वरची २६५, आणि लाइन परत आल्यावर जोडायला किमान ३ मिनिटांचा उशीर. हा उशीर महत्त्वाचा. एसएमपीएसच्या आत सुरुवातीचा झटका रोखणारा एक थर्मिस्टर असतो. तो थंड असतानाच काम करतो. लाइन दोन सेकंद गेली, आली, पुन्हा गेली, असा खेळ झाला की तो तापलेलाच राहतो आणि पुढचा झटका थेट डायोडवर बसतो. पावसाळ्यात वादळवाऱ्यात मेलेल्या सप्लायांचं हे नेहमीचं निदान.

घरच्या इन्व्हर्टरवर रिग लावायची नाही. जुने स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर अॅक्टिव्ह पीएफसीला मानवत नाहीत: सप्लाय गुणगुणतो, बंद पडतो. आणि १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत कागदावर १८०० वॅट-तास. ६०० वॅटला ती दोन-अडीच तासांत रिकामी, मग रात्री पंखा कशावर?

शेतातल्या मोटरपंपाच्या जोडणीवर तर मुळीच नको. विद्युत कायदा २००३ च्या कलम १२६ प्रमाणे मंजूर कारणाशिवाय वापर हा अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते.

किती वॅटचा

आधी लोड कमी करा, मग मोजा. चार कार्डांचं पॉवर लिमिट प्रत्येकी ३० वॅटने उतरवलं तर १२० वॅट वाचले, म्हणजे महिन्याला ८६ युनिटं. एवढी बचत कुठल्याच बिल्ल्याने होत नाही, आणि हॅशरेट (मायनिंगचा वेग) बहुतेक वेळा वीज जितकी घटते त्याच्या निम्म्यानेही घटत नाही.

आता उदाहरण. उतरवल्यावर ११५ वॅटची चार कार्डं: ४६०. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी: ६०. रायझर (कार्ड मदरबोर्डपासून लांब बसवायची जोडणी) आणि पंखे: २०. एकूण ५४०. एक खुबी इथे लक्षात ठेवा: जुन्या एएमडी कार्डांचा सॉफ्टवेअरमधला आकडा नुसत्या चिपचा असतो, पूर्ण कार्डाचा नाही, त्यात प्रत्येकी ३० ते ४० वॅट मिळवा. एनव्हिडियाचा आकडा पूर्ण कार्डाचा असतो.

५४० ला ०.६५ ने भागा. ८३० आले, म्हणजे ८५० वॅटचा घ्या. सप्लायची कार्यक्षमता साधारण अर्ध्या लोडला सर्वाधिक असते, ४० ते ७० टक्क्यांत फारशी हलत नाही. म्हणून १६०० वॅटचा घेऊन फायदा नाही, आणि ६५० वॅटचा घेतला तर उन्हाळ्यात तो ८३ टक्क्यांवर पळत राहील.

लेबल वाचताना मोठ्या अक्षरातल्या वॅटकडे दुर्लक्ष करा. +१२ व्होल्टच्या रकान्यातले अँपिअर बघा. ७० अँपिअर असतील तर ७० गुणिले १२, ८४० वॅट; हा खरा ८५० वाला. खोक्यावर '७५०' आणि रकान्यात ३८ अँपिअर असेल तर कार्डांसाठी ४५६ वॅटच आहेत, बाकीचे ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यात दाखवून बेरीज फुगवलेली. रिगला त्या दोन खात्यांचं जवळपास काही काम नसतं.

दुसरी ओळ तापमानाची. कंपनीच्या माहितीपत्रकात पूर्ण वॅट किती अंशांवर दिलेत ते शोधा. ५० अंश लिहिलं असेल तर विदर्भासाठी बरा. ४० लिहिलं असेल तर चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडच्या उन्हाळ्यात पाव भाग कमी धरून चाला. काहीच लिहिलं नसेल तर तो सप्लाय दुकानातच शोभतो.

बिल्ला: ब्राँझ, गोल्ड की प्लॅटिनम

८० प्लस ही बिल्ल्यांची योजना २००४ पासूनची. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या लोडला ब्राँझ ८५ टक्के, गोल्ड ९०, प्लॅटिनम ९२, टायटॅनियम ९४. आपल्या २३० व्होल्टवर तोच सप्लाय एक-दोन टक्के सरस चालतो. बिल्ला नुसता छापलेलाही असू शकतो. मॉडेल नंबर ८० प्लसच्या अधिकृत यादीत शोधा. सायबेनेटिक्स ही दुसरी चाचणी २३० व्होल्टचे आकडे वेगळे देते, म्हणून आपल्याला ती जास्त कामाची.

आपल्या ५४० वॅटवर हिशेब: ब्राँझ ८७ टक्क्यांनी भिंतीतून ६२१ वॅट ओढेल. गोल्ड ९१.५ टक्क्यांनी ५९०. फरक ३१ वॅट, चोवीस तास चालवली तर महिन्याला २२ युनिटं. प्लॅटिनम गोल्डपेक्षा आणखी १२-१३ वॅट वाचवतो, म्हणजे ९ युनिटं.

युनिटचा दर कोणता धरायचा, इथे बहुतेक जण चुकतात. एकूण बिल भागिले एकूण युनिटं असा सरासरी दर घ्यायचा नाही. ही रिग एकटीच महिन्याला ४२५ युनिटं खाते, आणि ती घरच्या वापराच्या डोक्यावर बसते. त्यामुळे वाचलेलं युनिट हे नेहमी तुमच्या सर्वांत वरच्या स्लॅबचं असतं. बिलावर त्या स्लॅबचा वीज आकार घ्या, वहन आकार मिळवा, इंधन समायोजन आकार मिळवा, त्या बेरजेवर वीज शुल्क लावा. स्थिर आकार सोडा, तो तसाही भरावाच लागतो. उत्तर १२ रुपये आलं असं धरू. मग गोल्ड ब्राँझच्या तुलनेत महिन्याला २६४ रुपये वाचवतो. किमतीतला फरक वर्षभरात फिटतो. प्लॅटिनमची बचत महिन्याला शंभरेक रुपये. तीन वर्षं अखंड चालवणार असाल आणि फरक तीन हजारांच्या आत असेल तरच घ्या. टायटॅनियम गावातल्या रिगला दागिन्यासारखाच. आणि हाच १२ रुपये दर ४२५ युनिटांना लावून बघा: ५१०० रुपये महिना. कॉइनमधून एवढे निघत नसतील तर सप्लाय कितीही चांगला असो, रिग रात्रीपुरतीच चालवा.

जुन्या सर्व्हरचे १२०० वॅटचे सप्लाय स्वस्तात मिळतात, त्यातले बरेच प्लॅटिनम दर्जाचे. मोह होतो. पण त्यांना फक्त १२ व्होल्ट असतात. वेगळा ब्रेकआउट बोर्ड (ते १२ व्होल्ट केबलींत वाटणारा) आणि मदरबोर्डसाठी वेगळा छोटा सप्लाय लागतो. लेबलवर दोन आकडे असतात, २००–२४० व्होल्टला पूर्ण वॅट आणि १००–१२० व्होल्टला कमी, अनेकदा ९००. तुमची लाइन १७५ वर असेल तर ती दोन्हींत बसत नाही. लहान आकडाच धरा. चार सेंटिमीटरचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा ओरडतो आणि कापसाच्या तंतूंनी लवकर भरतो. शिवाय १२ व्होल्टच्या पट्टीवर १०० अँपिअर उघडे असतात. त्यावर पाना पडला तर वेल्डिंगच होतं. झोपायच्या खोलीपासून दूर, बंदिस्त जागा असेल तरच.

कनेक्टर

रिग जळते ती बहुतेक वेळा इथून, आणि दोष सप्लायला दिला जातो. रायझर कार्डला ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो. त्याच्यासोबत खोक्यात एक साटा-ते-सहापिन वायर येते (साटा म्हणजे हार्डडिस्कला वीज देणारं तोंड). साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन बारीक पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या: एकूण ५४ वॅट. ७५ वॅट ५४ मधून ओढले की पिन तापते, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी होतं, पकड सैल होते, सैल पकडीने आणखी तापते. काही आठवड्यांनी जळका वास. ती वायर खोक्यातून काढून थेट फेकून द्या. रायझरला सहापिनच्या अस्सल पीसीआय-ई (ग्राफिक्स कार्डासाठीच्या) केबलनेच वीज द्या, एका केबलवर दोनपेक्षा जास्त रायझर नकोत.

म्हणून खरेदीआधी केबली मोजा. चार कार्डं, प्रत्येकी एक आठपिन, म्हणजे ४. चार रायझर, दोनाला एक केबल, म्हणजे २. एकूण सहा पीसीआय-ई केबली हव्यात. ८५० वॅटच्या अनेक सप्लायांत तीनच केबली, प्रत्येकीला दोन तोंडं अशा मिळतात. ११५ वॅटच्या कार्डांना दोन तोंडांची केबल चालते, पण २०० वॅटच्या वरच्या कार्डाला प्रत्येक सॉकेटसाठी स्वतंत्र केबलच लावा.

मॉड्युलर (सुट्या केबलींच्या) सप्लायच्या केबली एकमेकांत बदलू नका. कार्डाकडचं तोंड सगळीकडे सारखं, पण सप्लायकडच्या टोकाला पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. तोंड बसतं, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ जातात.

दोन सप्लाय जोडणार असाल तर नियम एकच: कार्ड आणि त्याचा रायझर एकाच सप्लायवर. दुसरा सप्लाय सुरू करायला चोवीसपिन तोंडातली हिरवी वायर काळ्या वायरीशी जोडायची असते. कागदी क्लिपऐवजी दोन सप्लाय एकत्र सुरू करणारा छोटा बोर्ड लावा.

अर्थिंग, धूळ, कूलर

रिगच्या फ्रेमला हात लागला की मुंग्या आल्यासारखं वाटतं? सप्लायमधल्या फिल्टर कपॅसिटरांची मधली तार अर्थला जोडलेली असते. अर्थ नसेल तर फ्रेमवर सुमारे ११५ व्होल्ट तरंगतात. करंट अगदी थोडा असतो, पण अर्थिंग नसल्याची ती पक्की खूण. मल्टिमीटरने सॉकेटचा न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मोजा: रिग चालू असताना दोन-तीन व्होल्टच्या आत हवेत. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि ती अर्थिंगच्या पाइपापासून सुटते. जानेवारीत उत्तम असलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी. खड्ड्यात मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला.

सप्लायचा पंखा जिथून हवा ओढतो, तिथे त्याच कार्डांची गरम हवा जाऊ देऊ नका. उघड्या फ्रेमवर तो खालच्या खणात, कार्डांच्या मागे नव्हे तर बाजूला. कमी लोडला पंखा थांबवणारी सोय असेल तर तिचं बटण बंद करा. ती थंड देशांसाठी आहे. कपॅसिटर १०५ अंशांचे, जपानी बनावटीचे असावेत. दर दहा अंश कमी तापमानाला त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं.

कूलर रिगसमोर लावायचा मोह मे महिन्यात सगळ्यांनाच होतो. नका लावू. वाळ्याच्या ताटीतून येणाऱ्या हवेत बारीक थेंब असतात, त्यात विहिरीच्या पाण्यातले क्षार. ते बोर्डवर सुकतात, पांढरा थर धरतो, त्यावर तूर-सोयाबीनच्या मळणीची धूळ बसते, आणि पहिल्या पावसाच्या दमट हवेत तोच थर वीज वाहायला लागतो. दुपारी बारा ते सहा रिग बंद ठेवणं स्वस्त पडतं. घरात कापूस साठवला असेल तर त्या खोलीत रिग नकोच. तिथे जाळी लावून भागत नाही, आगीचा धोका असतो. बाकी ठिकाणी हवा येण्याच्या बाजूला मच्छरदाणीची जाळी, पंधरा दिवसांनी झटकायची. पाली उबेला येतात. सप्लायच्या तोंडाला ग्रिल असलेलाच घ्या. साफ करताना ब्लोअरने बाहेरून, पंख्याची पाती बोटाने धरून. सप्लाय उघडायचा नाही, आतला कपॅसिटर वायर काढल्यावरही भरलेला असतो.

पहिला दिवस

एकच कार्ड लावून दहा मिनिटं. मग एकेक वाढवत चारही, आणि तासभर. तासाने रायझरच्या सहापिन तोंडात मागून मल्टिमीटरचं टोक लावून डीसी व्होल्ट मोजा: ११.४ ते १२.६ ही मान्य मर्यादा, पण ११.७ च्या खाली दिसलं तर ती केबल किंवा तोंड बदला. प्रत्येक कनेक्टरला बोट लावून बघा. कोमट चालेल, बोट ठेववत नसेल तर नाही.

मग खोक्यावरच्या दाव्याची परीक्षा. घरातलं बाकी सगळं बंद करा, फ्रिजसकट, आणि मीटरसमोर उभे राहा. मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट लिहिलेलं असेल तर लाल दिव्याचे दहा लुकलुक किती सेकंदांत होतात ते मोबाइलवर मोजा. पहिल्या लुकलुकीला शून्य म्हणा. ११,२५० ला त्या सेकंदांनी भागा. १९ सेकंद आले तर ५९२ वॅट, म्हणजे गोल्ड खरा आहे. १८ आले तर ६२५; कुठेतरी ३० वॅट गळताहेत, आधी वायर तपासा, मग बिल्ला. मीटरवर १६०० असेल तर २२,५०० ला भागा.

शेवटी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन लाइट गेल्यानंतरचं वर्तन 'बंदच राहा' असं ठेवा. चार कार्डं आपोआप सुरू व्हावीत असं वाटत असेल तर प्रोटेक्टरचा ३ मिनिटांचा उशीर आधी घड्याळ लावून तपासा, मगच ते बदला.